दारूचे व्यसन आणि माणसाचा परिसर : माकणी व तेरणाकाठच्या गावांच्या इतिहासातून

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा दोन प्रकारची माणसे बोलताना आढळतात. एक म्हणतात, ज्याचे मन दुबळे तो पितो. दुसरे म्हणतात, बिचाऱ्याला परिस्थितीने मारले म्हणून पितो. पहिल्यांच्या मते सारा दोष पिणाऱ्याचा, तर दुसऱ्यांच्या मते त्याच्याकडे दोष मुळीच नाही. चावडीवरच्या गप्पांना एवढे पुरेसे असेल. परंतु ज्या घरात कर्ता पुरुष संध्याकाळी झिंगून येतो, त्या घराला यांतील एकही मत उपयोगी पडत नाही. म्हणून हा प्रश्न थोडा इतिहासाच्या अंगाने तपासावा, असे ठरवून हा लेख लिहिला आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील माकणी व तिच्या आसपासची तेरणाकाठची गावे यांच्या गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे बरेचसे धागे सापडतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दारू पिणारा प्रत्येक मनुष्य व्यसनाधीन होत नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशव्यापी पाहणी करून घेतली व तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख लोक तिच्या पूर्ण आहारी गेलेले, म्हणजे दारूवाचून ज्यांचे शरीर व मन चालत नाही असे आहेत. दारू तीच असूनही काहीजण तिच्यात बुडतात आणि बाकीचे काठावर राहतात, ते का? जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांवरून यातील साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. उरलेला निम्मा घर, गल्ली, कामधंदा, हातातला पैसा, सोबत आणि दुकानाचे अंतर यांत वाटला जातो. रक्तातले बदलणे आपल्या हाती नाही. म्हणून या उरलेल्या निम्म्याचा विचार आपण अधिक करावयास हवा.

तेरणेच्या खोऱ्याला दारू नवी नाही. याच नदीवरचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा माल भडोच बंदरात जात असल्याचे लिहिले आहे, आणि त्याच भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालात इटलीच्या द्राक्षमद्याचा मान पहिला होता. तेव्हा श्रीमंतांचा शौक दोन हजार वर्षांचा जुना आहे. सामान्य रयतेची दारू म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस व मोहाच्या फुलांची गाळलेली दारू. ती सणावाराला, लग्नाकार्याला प्यायली जाई. पण रोज मिळेल एवढी ती कोणाच्याच घरात नसे.

रोज मिळण्याची सोय राज्यकर्त्यांनी केली. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नावच मुळी मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. संस्थानच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींत आबकारीची गणना होत असे. शिंदी व दारू विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई व तो घेणारा तो गुत्तेदार. गुत्ता म्हणजे वास्तविक मक्ता किंवा ठेका. परंतु हा ठेका आणि दारू यांची सांगड लोकांच्या मनात इतकी पक्की बसली, की मराठीत 'गुत्ता' म्हटले की दारूचे दुकानच डोळ्यांपुढे येते. मराठवाड्यात रस्त्याचे वा धरणाचे काम घेणाऱ्यालाही गुत्तेदार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला चमत्कारिक वाटते. पण मूळ अर्थ आमच्याकडेच टिकला आहे! ज्याने बोली बोलून रक्कम भरली, त्याला वसुलीसाठी गिऱ्हाईक वाढवावेच लागणार. राज्यकर्ता मुसलमान, धर्मात दारू निषिद्ध, आणि खजिन्यात मात्र आबकारीचा पैसा, ही विसंगती आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. शेजारच्या इंग्रजी मुलखातही तेच चालले होते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती गाळप गुन्हा ठरले व सरकारमान्य दुकाने आली. पुण्यात दारूची दुकाने वाढत चालल्याबद्दल महात्मा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद या नात्याने १८८० मध्ये लेखी हरकत घेतली होती. शहराच्या आरोग्यासाठी खर्च करणाऱ्या नगरपालिकेने आरोग्य बिघडविणाऱ्या दुकानांकडे डोळेझाक कशी करावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज लोकशाही आहे, तरी महाराष्ट्राच्या तिजोरीत उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटींहून अधिक रुपये जमा होतात.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७-४८ साली कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली, हे शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येते व विद्यार्थी ते पाठ करून विसरतात. त्यामागे दुहेरी हेतू होता. झाड पडले की संस्थानचे उत्पन्न पडे, आणि गावातला गुत्ताही कोरडा होई.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता व पुढे तो या जिल्ह्यांनाही लागू झाला. दुकाने गेली, काळा गूळ व नवसागर यांची हातभट्टी ओढ्याच्या कडेने पेटली. नंतर परवान्यांनी बंदी सैल केली आणि १९७३ च्या देशी दारूच्या नियमांनंतर बाटलीबंद देशी राजरोस खेड्यात पोहोचली. दरम्यान साखर कारखानदारी वाढली होती व मळीपासून मद्यार्क काढणे हा तिचा जोडधंदा होऊन बसला होता. म्हणजे ज्या भागात प्यायच्या पाण्याची भ्रांत, १९७२ च्या दुष्काळात ज्या माणसांनी खडी फोडून दिवस काढले, त्या भागात बाटली मात्र बारा महिने हाताशी आली. असो.

आता माकणीकडे वळू. गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले, आता लोहारा तालुक्यात. तेरणेवरचे निम्न तेरणा धरण येथेच आहे. आणि येथून काही कोसांच्या आत किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री लोक गाढ झोपेत असताना, जो भूकंप झाला त्यात लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही माकणीच्या पंचक्रोशीतील गावे ज्यांनी पाहिली होती, त्यांना ती नंतर ओळखता आली नाहीत. धरणाच्या पाण्याने भूकंप झाला काय, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो शास्त्रज्ञांकडे सोडू. आपला विषय भूकंपानंतरच्या काळाचा आहे.

या भागातील जुनी घरे दगड-मातीची, दोन-तीन हात रुंदीच्या भिंतींची, वर मातीचे जाड माळवद. तीच माळवदे त्या रात्री अंगावर आली. परंतु त्या घरांनी जगण्याची एक रीतही घडविली होती. अरुंद गल्ली, समोरासमोर ओसऱ्या, मधे पार, वेशीपाशी बैठक. भावकीची घरे एकमेकांना चिकटून. आपल्या लोकांचा मोहल्ला मशिदीभोवती. रात्री कोण किती वाजता आला, कोणाच्या घरात भांडण झाले, कोणाची चूल पेटली नाही, हे न विचारता समजे. या जाचाला तरुण मंडळी कंटाळत, हेही खरे. पण या नजरेचा एक धाक होता, आणि धाकापेक्षा मोठा असा आधार होता.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेले हे काम मोठे होते व त्याला नावे ठेवणे हा येथे हेतू नाही. भूकंप सोसेल असे पक्के घर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि घरे जमिनीच्या मालकीवरून ठरली. भूमिहीन व अगदी अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि ७ हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. एका मापाची घरे एका रांगेत असा सरळ आराखडा अनेक ठिकाणी आला. त्यामुळे भावकी विखुरली, मोहल्ला विखुरला. गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी पसरले. रस्ते रुंद झाले आणि ओसऱ्या नाहीशा झाल्या. म्हाताऱ्याला पाराशी जायचे तर ऊन तुडवीत अर्धे गाव ओलांडावे लागे.

याच सुमारास पुरुषांच्या हाती एकदम रोख पैसा आला: मृतांच्या वारसांना मदत, बांधकामाचे हप्ते. ज्या घरात वर्षाकाठी चार पैसे एकत्र दिसत नव्हते, तेथे हजारोंच्या रकमा आल्या. पण ज्यांच्यासाठी त्या खर्चावयाच्या ती मुले, ती बायको ढिगाऱ्याखाली गेली होती. शेती बंद पडलेली, बैल मेलेले, दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये बसून पुढच्या यादीची वाट पाहावयाची. रस्त्याच्या कामांबरोबर, ठेकेदारांच्या माणसांबरोबर ढाबे आले व ढाब्यांबरोबर दारू. पुरुषांतील दारू वाढल्याची नोंद भूकंपग्रस्त गावांत काम करणाऱ्यांनी व त्या गावांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे वारंवार केली. पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्यांनी या भागात मानसिक आरोग्याचे काम केले, तेव्हा कोठे मनाची जखम हीसुद्धा भूकंपाचीच जखम असते, हे थोडेफार लोकांपर्यंत पोहोचले. तोवर झोप लागावी म्हणून घेतलेला घोट हेच अनेकांचे औषध झाले होते. हे औषध प्रथम झोप आणते, नंतर तिलाच खाते. आणि एकदा शरीर सवयीचे झाले की सकाळी हात थरथरू लागतात व तो कंप थांबविण्यासाठी पुन्हा घ्यावीच लागते. येथे दुःखाचे कारण मागे पडते आणि व्यसन स्वतःच्या पायांवर चालू लागते.

येथे कोणी म्हणेल की दुःख आणि उजाड वस्ती यांनीच माणसे दारूला लागली. मग एक प्रश्न विचारला पाहिजे. तोच भूकंप त्याच गावातील बायकांनीही सोसला. त्यांचीही मुले गेली. त्याच २५० फुटांत त्यांनीही दिवस काढले, शिवाय पाण्याचा हंडा त्यांनीच वाहिला. त्या का दारूला लागल्या नाहीत? स्त्रिया जात्याच शहाण्या असतात, हे उत्तर गोड असले तरी पुरेसे नाही. त्यांच्या हाती पैसा नव्हता. दुकानापर्यंत त्यांना जाता येत नव्हते. रीतिरिवाज पुरुषाच्या पिण्याकडे काणाडोळा करतो, बाईच्या नाही. दिवसभराचे काम त्यांच्यामागे होते आणि बचत गटांच्या, घरदुरुस्तीच्या निमित्ताने एकत्र बसण्याची एक नवी जागाही त्यांना मिळाली. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगाव 'संवाद सहायिका' म्हणून निवडलेल्या बायका इंजिनियरांशी बोलू लागल्या, हे या भूकंपाच्या इतिहासातले एक चांगले पान आहे. तेव्हा परिसर म्हणजे केवळ विटा-सिमेंट व दुःख नव्हे. हातात पैसा कोणाच्या, वेळ रिकामा कोणाचा, दुकान किती पावलांवर, आणि पिण्याला समाजाची मूक परवानगी कोणाला, हे सर्व मिळून परिसर होतो.

इतरत्रही हेच दिसते. मुंबईच्या कामगारांची पाहणी करणाऱ्या बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ९७ टक्के कामगार एका खोलीत राहत असल्याचे नमूद केले. बायका-मुले कोकणात वा घाटावर, आणि बारा तासांनी सुटलेला गडी परत जाणार कोठे? ज्या खोलीत पाय पसरायला आळीपाळीने जागा मिळते तिच्यात. नाहीतर गुत्त्यात, जेथे बाक आहे, उजेड आहे आणि बोलायला माणसे आहेत. मात्र त्याच गिरणगावात गाववाल्यांच्या सामाईक खोल्या, खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा यांनी असंख्य तरुणांना सावरलेही. गर्दी तीच, पण कोणी आपले म्हणणारे असणे वा नसणे यात फरक पडला.

अमेरिकेतील एक उदाहरण तर विचार करायला लावते. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश तेथे अफूजन्य अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. ते १९७१ मध्ये परतू लागले तेव्हा सरकार धास्तावले. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा माग ठेवला. तेव्हा तेथे व्यसनी झालेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले केवळ ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. जागा बदलली, सोबत बदलली, काम बदलले, आणि बहुतेकांचे व्यसन मागे राहिले. कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७०-८० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. एकेकट्या पिंजऱ्यात कोंडलेले उंदीर मॉर्फिनचे पाणी जास्त पीत. ऐसपैस जागेत, सोबत्यांबरोबर ठेवलेले कमी. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत दर वेळी हाच निकाल आला असे नाही, आणि मनुष्य म्हणजे उंदीर नव्हे. म्हणून या प्रयोगावर फार मोठी इमारत उभी करू नये. परंतु एकटा पिंजरा म्हणजे काय, हे समजायला आपल्याला कॅनडापर्यंत जाण्याची गरज नाही.

धाराशिव-बीडकडून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारे जोडपे पाहा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल नवऱ्याच्या हाती, ती बहुधा आधीच खर्च झालेली. कारखान्याच्या माळावर पाचटाची खोपी. ना वीज, ना दार. पहाटे थंडीत फडात उतरायचे, रात्री मोळ्या वाहायच्या. सहा महिने ना गाव, ना शेजार, ना मुलांची शाळा. अशा वस्तीजवळ दारू विकणारा न चुकता पोहोचतो, उधारीवरही देतो. अंगदुखीवर घोट घेणारा गडी हंगाम संपताना फिटलेल्या उचलीऐवजी नवे कर्ज घेऊन परततो. त्याला कोणी 'बेवडा' म्हणून हिणवतो, तेव्हा त्या खोपीचा हिशेब कोणी मांडत नाही.

आपल्या समाजाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. इस्लाममध्ये दारू हराम आहे आणि त्याचा परिणाम दिसतो. आपल्या बहुसंख्य घरांत बाटली येत नाही. इतिहासाचे विद्यार्थी हेही जाणतात की मदिनेत ही बंदी एकाएकी न येता पायरीपायरीने आली. आधी माणसांची मने, त्यांचे दिवसाचे वेळापत्रक आणि त्यांची सोबत बदलली. म्हणजे बंदीला परिसराचा आधार होता. आज आपला मुलगा दहावी-बारावीनंतर सोलापूरला गॅरेजमध्ये, पुण्याला कंपनीत, नाहीतर ट्रकवर जातो, तेव्हा मोहल्ला त्याच्याबरोबर जात नाही. चार अनोळखी मुलांसह भाड्याची खोली, हातात पहिला पगार, आणि विचारणारे कोणी नाही. येथे घरी ऐकलेली नसीहत किती दिवस पुरेल, हे प्रत्येक पालकाने स्वतःच्या मनाला विचारावे. मुलगा जातो त्या गावी ओळखीचे घर कोणते, जमातीची वा संस्थेची खोली वा वसतिगृह आहे काय, आठवड्यातून एकदा त्याच्याशी फोनवर पैशाव्यतिरिक्त काही बोलणे होते काय, ही चौकशी व्हायला हवी.

दुसरी गोष्ट कटू आहे. ज्या घरात पिणे हे पाप, त्या घरात कोणी प्यायला लागला की ते लपविण्याची धडपड अधिक. 'अब्बांना ताप आहे' असे मुलांना सांगावे लागते. लोक काय म्हणतील या भयाने डॉक्टरकडे नेण्यास वर्षे जातात. वर सांगितलेल्या २०१९ च्या अहवालातच म्हटले आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. ही अवस्था सर्व समाजांची. परंतु आपल्याकडे लाजेची एक भिंत जादा आहे. पुष्कळ दिवस भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणे धोक्याचे असते. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीव जातो. म्हणून कसम घालून खोलीत कोंडणे हा उपाय नव्हे. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाला दाखविले पाहिजे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने हजारो रुग्ण हाताळले आहेत. दारूतून सुटलेल्यांनी दारूत असलेल्याला हात देण्याची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पद्धत अमेरिकेत १९३५ साली निघाली व आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिच्या सभा भरतात. तेथे फी नाही. उपचाराइतकीच तेथे मिळते ती नवी सोबत, म्हणजे पुन्हा परिसरच.

गावाने काय करावयाचे, याची एक वाट कायद्यानेही ठेवली आहे. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. बंदीने चोरटी दारू वाढते, असा एक पक्ष. निदान सहज मिळणे थांबते, असा दुसरा. जिल्ह्याचे राहू द्या. गावापुरते बोलायचे तर महाराष्ट्रात परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. ठरावीक संख्येने बायकांनी अर्ज दिला की अधिकाऱ्यांसमक्ष मतदान होते. चिठ्ठीवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. लक्षात ठेवावे की ही गणती आलेल्यांच्या निम्म्याची नसते. ती यादीतील सर्व बायकांच्या निम्म्याची असते. जी घरी राहिली, जी ऊसतोडीला गेली, जिला नवऱ्याने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही, तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखे होते. म्हणून अशा मतदानाची तारीख ठरविताना अनुभवी बायका आधी विचारतात, हंगाम संपून कोयते गावात परत आले काय?